बुजवलेलं दार

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या. मी पुस्तकाआडून ऐकत होतो, सवय वाईटच.

"आत्या, आपल्या परसात पूर्वी उत्खनन झालं होतं ना, त्याचे अहवाल ऑनलाइन सापडले. तीन काळांतली तीन घरं आहेत, एकावर एक."

"आणि आपल्याला एक घर पुरेना!"

"तिन्ही घरांचं मागचं दार विटांनी बुजवलंय. तेही आतून."

"चोरांची भीती, दुसरं काय?"

"मग आपलं आजोबांनी का बुजवलं?"

"देव जाणे. तुझ्या खोलीत उजेड यावा म्हणून आज फोडायला घेतलंय."

"आज? आई एकटी आहे घरी!"

"एकटी कशी? गवंडी आहे की. मघाशीच त्याचा फोन आला होता. विचारत होता, पलीकडूनही माणूस लावलाय का?"