ज्येष्ठमधाचा तुकडा

माझं बीपी कशानं वाढलं होतं ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. मी धारवाडला शाळेत चौथीला शिकवते. घसा सारखा बसायचा, म्हणून दिवसभर तोंडात ज्येष्ठमध असायचा. वर्षभर बीपीच्या गोळ्या चालू होत्या. लोणचं-पापड बंद केलं, रोज केलगेरीच्या तळ्यापर्यंत चालले, तरी आकडा खाली येईना. सगळे म्हणायचे, "टेन्शन घेऊ नका," आणि मला त्याचंच टेन्शन यायचं. पुढं पायांत गोळे यायला लागले, तेव्हा मात्र मी घाबरले.

त्या दिवशी दवाखान्यात एक नवी, तरुण डॉक्टरीण होती. बिचारी सारखी खोकत होती. मी पर्समधून एक तुकडा काढून तिच्यापुढं धरला. "घ्या, बरं वाटेल."

तिनं हात पुढं केला आणि तसाच थांबवला. "एष्ट तिंतीरी, टीचर? दिवसाला किती खाता हे?"

"मोजते कुठं? तोंडात असतंच."

"यानं बीपी चढतं. रक्तातलं पोटॅशियमही कमी होतं. आजपासून बंद!"

"अहो, हे औषध आहे."

"म्हणूनच बंद."

रक्त तपासलं, तर तिचंच खरं निघालं. दीड महिन्यात बीपी उतरलं आणि तिनं एक गोळीही कमी केली. मी तिचे दोन्ही हात धरले.

आता घसा बसला की मी गप्प बसते. आमचे हे म्हणतात, "त्या डॉक्टरीणबाईंचे खरे उपकार माझ्यावर आहेत."