सगळ्या सरकल्या, एक सोडून

छोटीच्या डब्याचं झाकण फरशीवर पडून खणखणलं आणि दवाखान्यातली शांतता मोडली. ते उचलायला आई वाकली, तेव्हा मागच्या बाकावरचं बोलणं तिच्या कानी पडलं. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आपल्या टॅक्सीवाल्या दाजींना फैलावर घेत होता. त्याची बहीण समोरच्या दाराआड, बाळंतपणाच्या खोलीत होती.

"ताईला घेऊन निघालो, तसा माझ्या गाडीने आपोआप पुढच्या गाडीला 'वाट दे' असा निरोप दिला, तिने तिच्या पुढचीला. पुलापर्यंत सगळ्या बाजूला सरकल्या, दाजी. एक टॅक्सी सोडून."

"माझी जुनी आहे रे. तिच्यात ते निरोपाचं यंत्र कुठलं?"

"पण डोळे होते ना तुम्हाला?"

"मला वाटलं, आज नशीबच उघडलं. दवाखान्यात बायकोकडे निघालोय म्हणून रस्ता आपोआप मोकळा होतोय."

"आणि तुम्ही आमच्यापुढे राजासारखे मधोमध. सायरन ऐकू येईना?"

"खुशीत रेडिओ मोठा लावला होता."

"कळा सोसताना ताई हसत होती. म्हणाली, हे ध्यान आमच्याच घरचं."

"हसत होती ना? म्हणजे बरी होती ना ती?"

"बाळाचे ठोके मंदावलेत, दाजी. म्हणून तर एवढी घाई."

दाजी दाराकडे बघू लागले. ड्रायव्हरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि दाराआडून एक रडणं आलं, बारीक पण चांगलं खणखणीत. दोघंही एकदम उठले, आईसुद्धा झाकण हातात घेऊन उठली.

छोटीने तिचा पदर ओढला.

"आई, रस्ता मोकळा झाला, हे बाळाला कुणी सांगितलं?"