हरिपूर रोडचा नंबर

—न्हाई, त्ये कळलं साहेब, कागद हिकडनं घातला की तिकडं उमटतोय, त्ये मी मिरजेत एसटीडीवाल्याकडं बघितलंय. मी इचारतोय कागद कापतंय कोण. ह्या म्हागाच्या मशीनमधी आपोआप कापला जातोय, आन् ह्या दुसऱ्यात आपल्या हातानं फाडायचा— व्हय न्हवं? मग हाताचंच द्या. कागद फाडायला काय इंजिनेर लागतोय व्हय. बसा, पंखा हिकडं करतो. साताऱ्यास्नं एस्टीनं आलायसा, घामानं भिजलायसा, आन् मी कागद फाडायचं इचारत बसलोय. तर बघा, आमची ही हळदीची अडत. शेतकरी पोती आणून टाकतोय, खरेदीदार येतोय, सौदा आमी लावून देतोय. आमी म्हंजी मी नानासो आन् माझा भागीदार बिराप्पा. भाव कसा ठरतोय ठावं हाय? रुमालाखाली. खरेदीदाराचा हात, बिराप्पाचा हात, वर रुमाल— बोटं दाबली की भाव कळला, त्वांडातनं एक अक्षर न्हाई. त्या कामात बिराप्पासारखा माणूस सांगलीच्या अख्ख्या मार्केट यार्डात गावायचा न्हाई. माझं काम फोनाचं. सुरतेच्या शेठला, दिल्लीच्या शेठला रोज सकाळी भाव सांगायचा, वरडून. लाईन आशी की मी बोललेलं शेजारच्या अडतीत आधी ऐकू जातंय आन् सुरतेत मागनं. हसू नका, खरं हाय. म्हणून तर ह्ये फॅक्सचं मशीन बघतोय.

बिराप्पाला नको हुतं मशीन. दोन वर्सं मागं लागलोय मी, पण त्याचं एकच— दादा, त्या कागदावरची अक्षरं उडून जात्यात, आन् भाव कागदावर आला की चार जणं वाचणार. शेठ माल घेतोय त्यो तुमच्या आवाजावर घेतोय, कागदाला कोण इचारतंय. खरंच आसं म्हणायचा. मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आमची मंडळी म्हणती, तुमचा आवाज चांगला हाय आसं कुणी म्हटलं की तुमी त्याला जेवायलाच बसवता. पण औंदा सुरतेच्या शेठचं बोलणंच कमी झालंय बघा. मी फोन लावला की म्हणतोय, हां हां नानासोभाई, तुम्हारा कागज मिल गया— आन् ठेवतोय. मला वाटलं पोस्टानं काय तरी गेलं आसंल. म्हटलं माणूस फोनाला कट्टाळला, आपुन बी काळाबरुबर चालावं. बिराप्पा आत्ता पलीकडच्या शेडात सौद्याला गेलाय, म्हणून तुमाला ह्या टायमाला बलवलं. त्याच्या टेबलावर आणून ठेवायचं म्हणतोय, न सांगता. पावती बी त्याच्याच नावानं करा, बिराप्पा—

काय म्हणालासा? ह्येच मशीन घेतलंय? कुणी?

न्हाई, त्यो दुसरा बिराप्पा आसंल. जतकडनं आलेल्या माणसांत ह्ये नाव लय हाय. हरिपूर रोडला? तिथं काय, हळद साठवायची जमिनीतली पेवं हायत आन्— पत्र्याचं गोडावन? निळ्या दाराचं? आवं त्ये तर आमचंच. त्यात मोकळी पोती हायत. मोकळी पोती कुणाला कागद धाडत्यात?

आसं का. तुमच्या मिरजेच्या माणसानं बसवलं. दसऱ्याला, हार घालून. मग पेढं बी दिलं आसतील, तसा त्यो हाताचा सढळ हाय. न्हाई, तुमी कशाला कावरंबावरं हुताय, तुमचं काय चुकलंय, तुमी आपलं मशीन खपावं म्हणून सांगितलंसा, तुमच्याच यार्डातल्या एकानं घेतलंय म्हणून. पाणी प्या. मी इचार करतोय— ह्या मशीनला फोनाची लाईन लागती न्हवं? लाईनीबिगर चालतच न्हाई? मग ती लाईन त्यानं कवा घेतली? आवं सांगलीत फोनाचा अर्ज द्यायचा आन् वाट बघत म्हातारं व्हायचं. माझ्या घरच्या फोनाचा नंबर लागंपातूर पोरगं बालवाडीतनं चौथीत गेलं. म्हंजी ह्ये दसऱ्याचं न्हाई साहेब. ह्ये लय मागचं हाय. त्याच्या पूजाच्या लग्नात पोरीचा मामा आजारी, तर मामाच्या जागी तिला मांडवात मी आणली— तवा ह्यो अर्ज देऊन बसला हुता. त्याची आई गेली, मी खांदा दिला— तवा बी. रोज ह्याच गादीवर माझ्या डब्यातली भाकरी मोडायची आन् मनात बघायचं, आपला नंबर कवा लागतोय. मी हितं सकाळी लाईन लागावी म्हणून बोट दुखस्तोवर नंबर फिरवायचो, तवर त्याचा कागद, शेठ म्हणायचा त्यो कागज ह्योच, सुरतेत जाऊन पडलेला आसायचा, माझ्यापरीस कमी भावाचा. आन् वर मलाच म्हणायचा, दादा, जरा मोठ्यानं बोला.

लय लागलं बघा मला. धंद्याचं न्हाई म्हणत. वेगळं व्हायचं तर सांगायचं हुतं, मी काय धरून ठेवला नसता, निम्मं गोडावन देऊन मीच नारळ फोडला आसता. पण माझ्या आवाजाचं कौतुक कशाला करायचं? त्ये खरं मानून मी रात्री हळद-दूध पिऊन झोपायचो, सकाळी घसा बसू नये म्हणून. मला येडा केला त्यानं. माझ्याच—

थांबा. ही स्कूटर त्याचीच हाय. साहेब, ती पिशवी उलटी धरा, कंपनीचं नाव दिसतंय. त्ये मशीनच्या चित्रांचं पुस्तक आत घाला. तुमी काय बोलू नका, मी बोलतो.

ये बिराप्पा, ये गड्या. लवकर उरकलं? बस की. ह्ये व्हय— ह्ये वजनकाटं विकत्यात, साताऱ्याचं हायत. म्हटलं आमाला नको, जुनाच चालतोय अजून. न्हाई रं, मला काय झालंय, लाईन लागंना सकाळधरनं, वरडून वरडून त्वांड सुकलंय. लागंल म्हणतोस? लावतो, लावतो परत. तुझ्यासमोरच लावतो.

जावा साहेब तुमी. एस्टी चुकंल.