यंदा वाघ

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबा, हत्तींच्या जंगलात जाऊ. एवढं मोठं धूड, तुम्हाला सहज दिसेल.”

“वाघ.”

“तो दिसेलच असं नाही.”

“चाळीस वर्षं सर्कशीच्या पाट्यांवर वाघ रंगवले. पट्टे सगळे अंदाजपंचे! एकदा खरे बघू दे.”

“काय बाई हट्ट! डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? नजर टिकली तर वर्षभर.”

“म्हणून तर यंदा वाघ. नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.”

“आणि हत्ती राहून गेले म्हणजे?”

“राहतात कसले? पुढच्या वर्षी ने. हत्ती नुसते ऐकले तरी चालतील मला.”