टोपीतले तांदूळ

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीसाठी रांग लागली होती. शशिकलाबाईंच्या पुढे गव्हाणच्या दोघी होत्या, म्हातारी गुणाबाई आणि तिची सून किशोरी. दोघी संग्रहालयातून परत निघाल्या होत्या आणि सून धुमसत होती.

"आई, बाबांची लढाईतली लोखंडी टोपी संग्रहालयाला द्यायची व्हती. तिच्यात तांदूळ कशाला भरलेत?"

"भांडं कुनाला रिकामं देतात काय गो?"

"ती टोपी हाय, भांडं नाय."

"चाळीस वर्सं तिच्यानंच तांदूळ मापले मी. मंग भांडं नाय तर काय?"

"किडं लागतील, बोल्ला तो साहेब. आनि तुमी त्यालाच दम दिलात, पाच दानं ठेवल्याबिगर सही करनार नाय. सगळी बगत व्हती."

"ठेवले ना मंग त्यानं?"

"ठेवले. पन ती टोपी आता परत थोडीच येनार हाय? रीत पाळायची कुनासाठी?"

"तुजा सासरा लढाईवर गेला ना, तवा गानी बोलत गेला. खाडीपल्याड ऐकू जायचा त्याचा आवाज. पलटनवाल्यांनी परत धाडला, तवापासून मरेपरत एक ओळ नाय निंगाली तोंडातून. जेवायचा, जाळं उचलायचा, जायचा. त्यांनी रिकामं परत केलं म्हनून आपून पन तसंच करायचं काय?"

गाडी लागली. शशिकलाबाईंनी पिशवीतला नणंदेचा रिकामा डबा चाचपला आणि रांग सोडून त्या चिक्कीच्या टपरीकडे वळल्या.