वादळघरातली हजेरी

...न्हाई, न्हाई, मिस्त्री, हातोडा खाली ठेवा आदी. दार असं तुटायचं न्हाई — तुटंल कसं? म्या सोता उभं ऱ्हाऊन करून घेतलंय. असला पत्रा तुमच्या मिरजंत बघायला मिळायचा न्हाई, जुन्या बॉयलरचा हाय, बोटभर जाड. वाजवून बघा — बोटानं, बोटानं! हातोड्यानं नगं. का म्हंजे... आई जपाला बसलीया. तुमी जरा ह्या वट्ट्यावर टेका, घाम पुसा, यस्टीत हुबं ऱ्हाऊन आलासा न्हवं? च्या मिळंल की — मिळंल, पर जरा दमानं. च्याची पूड कुठं ठिवलीया त्ये सापडंना झालंय. साखर बी. बसा तर खरं.

तर ह्याला म्हणायचं वादळघर. गावातली माणसं 'हवालदाराचा हौद' म्हणत्यात, म्हणू द्या, फुकटचं नाव ठिवायला काय लागतंय? अर्धं जमिनीत, अर्धं वर, आन् वरचं छत असं पाठ वाकवल्यागत — वारं वरनं घसरून जातंय, धरायला त्याला कोपराच गावत न्हाई. ही हितं भेग पडलीया, ती बुजवायची. ह्यो हवेचा पाईप, ह्याचं टोपण वाकडं झालंय, ते नीट करायचं. आन् मग ह्ये दार. दाराचं सांगतो नंतर... काय? वादळ? हितं? बघा, तुमी बी त्येच इचारलं! समदी त्येच इचारत्यात. आवं, ह्यो कवठे महांकाळ, हितं पाऊस यायचा म्हणलं तर चार गावच्या देवाला नारळ फोडावं लागत्यात, समुद्र आमच्या आईनं चित्रात सुदिक बघितल्याला न्हाई — ठावं हाय मला! पर मी काय बघून आलोय त्ये तुमाला ठावं हाय का? सत्त्याहत्तर साली आंध्राच्या किनाऱ्याला वादळ झालं, पेपरात वाचलं आसंल तुमी. आमची तुकडी तितं गेल्याली. काम काय, तर लोकांच्या परसात असल्या खोल्या हुत्या, त्या दुरुस्त करायच्या — भेगा बुजव, कड्या बसव, हवेचा पाईप मोकळा कर. एका ठिकाणी घर म्हणून काय सुदिक ऱ्हायलं न्हवतं, नुसता चिखुल, आन् ती परसातली खोली तेवढी हुबी. तिथली म्हातारी कोंबडी काखंत घिऊन दारात बसल्याली, आन् मला बघून काय इचारती, तर भाताचं भांडं कुठं गेलं. मला भाषा कळंना, पर हातवाऱ्यानं कळलं. रडू आलं मिस्त्री मला, खोटं कशाला सांगू. तवाच ठरवलं, घरी गेलो की आपल्या माणसांस्नी असली खोली बांधायची. वादळ येवो न्हाईतर न येवो.

आन् नुसती बांधून भागतंय व्हय? सराव पायजे! दर ऐतवारी सकाळी मी शिट्टी मारतो. शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून समद्यांनी आत पळायचं. ज्वारी, शेंगदाणं, लोणच्याची बरणी, राकेल, स्टो — समदं आत भरून ठिवलंय, आठवडाभर भायेर यायला नगं. दाराला कडी हाय ती फकस्त आतनं. भायेरनं कडी न्हाई, कोयंडा न्हाई, काय न्हाई. का? कारण वादळ भायेर असतंय आन् माणूस आत. हे डोकं माझं, मिस्त्री! गावातली पोरंटोरं कुंपणाच्या गडग्यावर बसून बघायला येत्यात, पार तमाशा बघितल्यागत, शेजारचा केरबा तर शेंगा घिऊन बसतो. बसू द्या.

आता दाराचं. दाराचं काम म्हणाल तर काय न्हाई — ती आतली कडी जरा अडकलीया. कशी अडकली? अडकली आपसूक. लोखंड हाय, गंज धरतंय... आतनं? व्हय, आतनंच लागलीया. आता आतनं लागलीया म्हंजे — लागली. कडीचं काय सांगावं... आवाज? कसला आवाज? उंदीर आसंल. शेंगदाणं हायत न्हवं आत, उंदीर लय झाल्यात... न्हाई, उंदीर स्टो पेटवत न्हाई, त्ये तुमचं बरुबर. आन् ह्यो वास — व्हय, च्याचाच वास हाय. आलं घालून. आता नाकापुढं काय लपवायचं? पूड सापडंना म्हणलं न्हवं का, ती आत हाय. आमची मंडळी हाय आत, आपली कारभारीण. कालपास्नं.

हसू नका! आदी ऐकून तर घ्या. काल ऐतवार, सराव झाला, समदी आत जमली, आन् मी हजेरी घितली. फौजेत हजेरीबिगर काय हलत न्हाई. आईनं नाव ऐकलं की ती 'हाय बाबा, अजून हाय' म्हणती, पोरगा बाळासो 'हजर' म्हणतो. मग दाराशी बांधल्याली चंद्री म्हस — तिचं नाव घेतलं की ती कान हलवती, खरंच सांगतो. टिपू कुत्रं. आन् मग मी म्हणालो, 'बाकीचे'. दर ऐतवारी मी असंच म्हणतो, आन् आमची मंडळी 'हजर' म्हणती. काल गप बसली. म्हणलं, 'बाकीचे!' तर मला म्हणती कशी — आवं, बाकीचे म्हंजे कोण? गाडीत ऱ्हायल्यालं सामान हाय का मी? म्हशीचं नाव घेता, कुत्र्याचं घेता, माझं नाव घ्यायला तोंड दुखतंय तुमचं? — आता केरबा गडग्यावर बसल्याला, शेंगा खायाचा थांबला त्यो. म्या म्हणलं, सराव संपला, भायेर चला. समदी भायेर आली, हिनं आतनं दार लावलं. वर पाईपातनं म्हणती, ज्याचं नाव हजेरीत न्हाई, त्यो माणूस आत बी नसतो आन् भायेर बी नसतो, तवा मी हाय तितं ऱ्हाती. नाव घ्या, मग उघडती.

तुमीच सांगा मिस्त्री, चारचौघांत कोण बायकूचं नाव घेतंय? तुमी घेता? ...न्हाई न्हवं? कशी हाक मारता? — 'आगं, ऐकलंस का'. बघा! मी तर 'आगं ए' म्हणतो, तेवढ्यावर तेरा वर्सं काढली. फौजेत मी शंभर शंभर गड्यांची नावं एका दमात घेतली, टेंभू खेड्यातल्यापास्नं पार मद्राशापतोर, कवा जीभ अडकली न्हाई. पर हिचं नाव व्हटावर आलं की कान तापत्यात माझं. लाज वाटती, दुसरं काय! आज सकाळी येरवाळी गेलो, पाईपात त्वांड घातलं, हळूच काय तरी बोललो — नाव न्हाई, नुसतं 'आगं, ऐक की' म्हणालो — तर आतनं म्हणती, ऐकू येत न्हाई. ऐकू येत न्हाई! ह्या पाईपातनं मुंगी शिंकली तर ऐकू येती. आन् आई? आई सुनंकडनं. काल मला कच्ची भाकरी वाढली आन् म्हणली, भाजल्याली पायजे आसंल तर हौदात जाऊन सांग.

त्ये बी सोसलं असतं. पर आज दुपारच्या यस्टीनं हिचा भाऊ यायचाय, आप्पासो. त्याच्या पुतणीच्या लग्नाची सुपारी फुटलीया, बहिणीला न्यायला येतोय. ही म्हणती, दादा आला की त्याच्यासाठी दार उघडणार आन् तशीच त्याच्यासंगं जाणार. आन् परत यायची न्हाई — ती बोलती तशी करती, म्या वळखतो. म्हणून तर तुमाला बोलवणं धाडलं, की त्यो यायच्या आत दार काढून टाकू, मग भांडण भायेर आल्यावर बघू... व्हय, व्हय, तुमचंच खरं, दार काढून माणूस थांबत न्हाई. कळतंय मला. मी सीमंवर हुतो तवा हे घर, हे रान, आई, पोरगं, समदं तिनं वढलं, एक अक्षर न बोलता. आन् आता मी कायमचा घरी आलो तर ती निघाली. मग हे बांधलं कुणासाठी म्या? वादळ आलं तर आत बसून मी आन् चंद्री च्या पिणार व्हय?

...काय म्हणता? नाव घिऊन टाकू? आत्ता? तुमच्या म्होरं? आवं मिस्त्री... बरं. तिकडं त्वांड करा. कानात बोटं घाला — नगं, घालू नका, कुणी ऐकलं नसंल तर खरं धरायची न्हाई ती. थांबा, टोपी घालतो. हजेरी म्हंजे हजेरी, रीतसर व्हायला पायजे, टोपणनाव चालत न्हाई. सावधान! ...विजयमाला! विजयमाला हंबीरराव साळुंखे!

... ऐकलं का न्हाई? मिस्त्री, काय म्हणली ती? — 'कोण ही विजयमाला'?

आगं ए, कोण काय, तूच! आगं तूच विजयमाला! मिस्त्री, हसू नका — आगं, मनुबाई म्हायेरचं नाव तुझं, समदं गाव त्याच नावानं हाक मारतं, पर लग्नात म्या तुझं नाव ठिवलं न्हवतं का, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिवलं? लढाईतनं जित्ता आलो हुतो, म्हणून विजयमाला. आन् भटजी वाचणार तेवढ्यात तुझ्या मामाचा पाय लागून ताट सांडलं, माणसं तांदूळ येचीत बसली, नाव कुणी वाचलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी मला पलटणीत बोलावलं. पत्रात मी 'सौ. हिला सांगणे' लिवायचो, आईनं रेशनकार्डावर मनुबाई सांगितलं... तुला कुणी सांगितलंच न्हाई? म्या तरी कवा सांगितलं! मला वाटलं, तुला ठावं हाय!

...आत भांडं खाली ठिवलं तिनं. स्टो बी इझवला. मिस्त्री, तुमचा कान चांगला हाय, बघा जरा, रडतीया व्हय? न्हाई? मग काय करतीया? — काय म्हणली? पुन्यांदा म्हणा?

नाव पुन्यांदा म्हणा, म्हणती. उठा मिस्त्री. न्हाई, भेग ऱ्हाऊ द्या, पाईप ऱ्हाऊ द्या, च्या पुढच्या खेपंला पाजतो. वाटंत धोतर नेसल्याला, मिशीवाला पाव्हणा भेटंल, आप्पासो म्हणून, त्याला म्हणावं हवालदाराच्या घरी आता कुणी न्हाई, चावडीवर बसून घे घटकाभर. हुबं काय ऱ्हायलासा? जावा की वो!