होडी विकली ती, भाड्यानं दिली नाही

आमचे मालक अंथरुणावरून उठत नाहीत, आणि वाळूच्या गुन्ह्यात हजर राहा म्हणून त्यांच्यासाठी शिपाई दोनदा घरी आला. दुसऱ्यांदा तो चपलांसकट अंथरुणापर्यंत आला. नाव-गाव मागून लिहा, हे आधी लिहा, असं मी म्हणाले, म्हणून हे आधी आहे.

मी आवडाबाई सांडू लिंबोरे, वय ५१, शिक्षण दुसरी, धंदा लोकांकडं पोळ्या करण्याचा, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. आज ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असं.

आम्ही भोई. मालकांनी नाथसागरात जन्मभर मासे धरले. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून आम्ही दोघं लेक सुलेखा हिच्याकडं राहतो. होडी गावी काठावर पडून होती. फायबरची, इंजिन चालू, नोंद मालकांच्या नावावर.

दिवाळीनंतर अतुल आप्पासाहेब फरकाडे, राहणार सिल्लोड, हा होडी मागायला आला. सिल्लोडकडं तळं घेतलंय, त्यात मासे पाळायचेत, म्हणाला. ऐंशी हजाराला ठरलं. दहा रोख दिले, बाकीचे होडी नेताना मोबाईलवर टाकतो म्हणाला.

होडी न्यायच्या आदल्या दिवशी तो घरी पाचशेचा कोरा बाँड घेऊन आला. विक्रीचा मजकूर टाइप करून घेतो, अंगठा आत्ताच द्या, म्हणजे आजारी माणसाला हलवायला नको, असं त्याचं म्हणणं. मालकांचा हात उचलत नाही. मीच त्यांचा अंगठा धरून टेकवला. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मी विचारलं नाही. नावावर करून आणतो म्हणून नोंदणीचा अस्सल कागदही तोच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी गावी काठावर गेले. आमच्यात होडी विकली की घेणाऱ्यानं तिला नारळ फोडायचा आणि विकणाऱ्या घरच्या बाईची ओटी भरायची. ओटी घेतली की व्यवहार पुरा. मग पैशाचं बोलत नाहीत, बोललं तर होडी लाभत नाही असं मानतात. अतुलनं पैसे द्यायच्या आधी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं घरून बांधून आणलं होतं. तो भोई नाही. ही रीत त्याला कोणी सांगितली ते मला माहीत नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मग त्यानं मोबाईल दाखवला. त्यावर हिरवी खूण होती. माझा फोन वाजला नाही. मी म्हणाले, "माझ्याकडं काय आलं नाय."

"मावशी, बँकेचं नेट सुस्त आहे, पोचतील. ओटी पदरात घेऊन पैसे विचारता व्हय?"

मी होडी नेऊ दिली. सुलेखा गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला आहे. तिला फोन केला असता तर तिनं तिथूनच तिच्या मोबाईलवर माझं खातं बघून सांगितलं असतं. मी केला नाही.

पैसे आले नाहीत. अतुल आधी उद्या उद्या म्हणायचा, मग फोन उचलायचा बंद झाला.

मागच्या आठवड्यात शिपाई आला तेव्हा कळलं, होडी कुठल्याच तळ्यात गेली नव्हती. गोदावरीत चोरून वाळू भरून येताना ती उलटली आणि एक मजूर बुडाला. होडीवरचा नंबर आमचा. अतुलनं वकिलाच्या हातून तोच बाँड ठाण्यात दिला आहे. त्यात लिहिलंय की होडी मालकांनी वाळू काढायला भाड्यानं दिली आणि दहा हजार अनामत घेतली. खाली अंगठा मालकांचाच आहे. वरचा मजकूर अंगठा घेतल्यानंतरचा आहे. तो आम्हाला कोणी वाचून दाखवला नाही.

साहेबांनी विचारलं, होडी उलटली त्या दिवशी तुमचे मालक होडीवर होते का. मी म्हणाले, "साहेब, त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. वाळू उपसायला किती लागतील ते तुम्हीच बघा." साहेब हसले. मी हसले नाही.

बुडालेल्या माणसाची बायको काल ठाण्यात बाकड्यावर माझ्या शेजारी बसली होती. होडी कोणाची ते तिला कोणीतरी सांगितलं. तिनं पदर आवरून घेतला आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. बाकड्यावर जागा होती.

हा जबाब हवालदार श्रेया मॅडमनी मला दोनदा वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून सही करते. सहीच्या वर एवढं आणखी लिहायला लावलं: होडी कोणाची, ते मला येत्या सोमवारपर्यंत लेखी सांगा. आमची असेल तर आणून आमच्या दारात टाका. अतुलची असेल तर आमच्या दारात पुन्हा शिपाई पाठवू नका. जे ठरेल ते त्या बाईला आधी सांगा, मला मग.